अर्धं पोतं

वाफ्यातली पाइनची रोपं जांभळी पडली
तेव्हा एलेउतेरिओ काही बोलला नाही.
जांभळा रंग त्याला आवडायचा,
ईस्टरच्या आधी चर्चमधल्या मूर्ती झाकतात त्या कापडाचा.
पण बोटभर उंचीवर थबकलेल्या झाडाला
तो शोभत नव्हता.

सान हुआनहून साहेब आला, जीपमधून, बूट जपत.
पान चुरगाळून म्हणाला, "फोस्फोरो हवा."
एलेउतेरिओनं खिशातली काडेपेटी काढून पुढं धरली.
त्यांच्या बोलीत काडीला आणि स्फुरदाला
एकच शब्द.
साहेब हसला नाही.
मजूर मात्र दुपारभर हसत होते.

मग खताची पोती आली, पोत्यांमागून पोती.
लाल माती सगळं गिळून गप्प.
त्या डोंगरातल्या चिकणमातीत लोखंड आहे,
आणि लोखंडाच्या मुठीत गेलेलं स्फुरद
सुटत नाही, हलत नाही.
मुळापासून चार केसांच्या अंतरावर असलं
तरी परगावी असल्यासारखं.
मूळ हाताशी असेल तेवढं खातं
आणि रिकाम्या ताटासमोर बसून राहतं,
शेजारच्या खोलीत पानं मांडलेली असताना.

मेहुणा कासिमिरो बोटीवर होता.
त्यानं कॅरोलायनाहून अर्धं पोतं माती आणली,
तिथल्या म्हाताऱ्या पाइनखालची.
"बियाणं नेलंत, माती विसरलात,
असं तिकडचा एक माळी म्हणाला."
नेरेइदानं पोत्यात नाक घातलं:
"बुरशीचा वास येतोय. घरात नको."
पावावर आली की कापून टाकतो, तीच जात.
पोतं खुराड्यामागे पडून राहिलं चार दिवस,
कोंबड्यांनी एक कोपरा उकरला.

अर्धं पोतं अर्ध्याच वाफ्याला पुरलं.

खाली काय झालं ते कुणी पाहिलं नाही.
एक धागा मुळाच्या टोकाशी आला,
कोळिष्टकाहूनही बारीक,
त्यानं टोकाभोवती पायमोजा विणला.
मग आत शिरला, पण पेशींच्या भिंतींमधल्या बोळांतूनच.
कुणाचा उंबरठा ओलांडला नाही.
तिथंच, बोळात, देवघेव.
झाडानं साखर दिली, वर उन्हात शिजवलेली.
ती खाऊन धागा लांब निघाला,
मुळाला कधी अंग चोरूनही जाता येणार नाही
अशा फटींतून,
आंबट थेंब सोडत, लोखंडाची मूठ
एक एक बोट करून उघडत.
सापडलं ते स्फुरद मण्यांसारखं ओवून
माघारी.

उपकार नव्हेत हे.
एकाचा हात आखडला तर दुसऱ्याचाही आखडतो,
असं जाणकार म्हणतात.
नेरेइदा दोन्या प्रोवीच्या दुकानात
अंडी देऊन रॉकेल आणते, तसं काहीसं.
तिथंही कुणी कुणाचे आभार मानत नाही,
अंडी मात्र उजेडात धरून बघतात.

वादळांचा मोसम सरता सरता
एका बाजूची रोपं गुडघ्याला लागली.
वाफ्याच्या मधोमध रेघ, सुरीनं ओढावी तशी:
अलीकडे हिरवं, पलीकडे जांभळं.
साहेबानं वही उघडली.
"काय दिलंस?"
"माती."
"कुठली?"
"मेहुण्याची."
वहीत तसा रकाना नव्हता.

जीप वळणापलीकडे गेल्यावर
एलेउतेरिओनं एक हिरवं रोप उपटलं,
डब्यातल्या पाण्यात मुळं खळबळली.
टोकं पांढुरकी, आखूड, दोन-दोन फाट्यांची,
बाळाच्या पायाच्या बोटांसारखी गुबगुबीत.
जरा वेळ पाहिलं. परत लावलं, माती दाबली.
मग त्याच्या बुडाची मूठभर उचलून
रेघेपलीकडच्या पहिल्या जांभळ्याला घातली.
मग दुसऱ्याला.
साहेबानं रेघ तशीच ठेवायला सांगितली होती,
मोजमापासाठी.

अंधार पडला तेव्हा तो तेविसाव्या रोपाशी होता.
त्यानं काडी ओढली,
अजून किती उरलीत ते पाहायला.