सिक्स जी

सोहारच्या रिफायनरीचं वाढीव काम एका गुरुवारी थांबलं.
त्या रात्री कॅम्पात
वॉशिंग मशीनला रांग नव्हती.

क्रेनवाला मुबीन सोलकर
आता शाळेची बस चालवतो.
म्हणतो, वजन कमी आहे, पण ओरडतं.
मचाणं बांधणारा तंगराज मस्कतला काचा पुसतो,
चौदाव्या मजल्यावरून, दोराला लटकून.
सेफ्टीवाल्या साहेबांचं काही कळलं नाही.

मी खुबूसच्या बेकरीत.
कार्डावर अजून वेल्डरच,
अरबीत, मला न वाचता येणारा.
हुद्दा बदलायला पैसे पडतात
आणि मालक म्हणतो, पुढच्या महिन्यात.

पोळी गादीवर कशी ताणायची,
भट्टीच्या पोटाला कशी चिकटवायची,
हे मला आलमगीरने शिकवलं.
सिल्हेटचा, वीस वर्षांचा.
चाचा, जल्दी, म्हणाला.
माझ्या हाताखाली अशी सात पोरं होती.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली.
आतला रंग बघ. हा अजून कच्चा आहे,
थांब जरा.
तेव्हापासून पहिली पोळी टाकण्याआधी
तो माझ्या तोंडाकडे बघतो.
अकरा वर्षांतलं एवढंच इथे चाललं.

गुहागरला सांगितलंय, कंपनी बदलली.
सुगंधाने विचारलं, मागे कसला आवाज?
म्हटलं, ब्लोअर.
दोन्ही खरं.
पैशाचं तिने विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात फोन आला.
दुक्मला शटडाऊन, वीस वेल्डर पाहिजेत, सिक्स जी.
हाताचं पीठ पुसून मी प्रमाणपत्र काढलं.
पलीकडचा माणूस केरळचा, चांगला होता,
हळूच विचारलंन,
शेवटचा जोड कधी मारलात?
सहा महिने टॉर्च हातात नसली
की कागद मरतो, भाई.

सहा महिने आणि नऊ दिवस.

हात बसायला तीन वर्षं लागली होती.
तिरका बांधलेला पाइप,
मागची बाजू आरशात बघून शिवायची;
उस्ताद पाठीशी उभे, श्वास धर,
श्वास हलला की टाका हलतो.
हात उठायला किती लागतात
ते कागदावर छापलेलंच होतं,
मी कधी वाचलं नव्हतं.

आज पहाटे चारला
आकड्याने खुबूस काढत होतो,
एकामागून एक, फुगलेले, भाजलेले,
आणि आलमगीरने खांदा हलवला.

चाचा, म्हणाला, सांस तो लो.