शिडी

उके लाइनमनची सायकल पाचपावलीत आमच्या दाराशी थांबली
तेव्हा नवतपा सुरू होता
आणि माझी बहीण सहा दिवसांची,
कूलरसमोर, ओल्या वाळ्याच्या वासात
मुठी वळून झोपलेली.

तीन महिन्यांचं बिल थकलेलं.
त्याच्या हातात यादी, यादीत आमचं नाव,
नावासमोर निळ्या पेनाची फुली.
आई भिंत धरत छपरीत आली.
काहीच बोलली नाही.
तिला मागता येत नसे.

उकेनं आत पाहिलं.
घरघर ऐकली असावी.
मग विजेच्या खांबाकडे बघत म्हणाला,
“शिडी राहून गेली बाई घरी. सोमवारी येतो.”

मी आठ वर्षांचा. खरं बोलावं, हे शाळेत नुकतंच पाठ झालेलं.
“हे काय, शिडी तं आहे तुमच्या सायकलले!”

आईची नखं माझ्या दंडात.
उके वळला. रागावला नाही.
“हे मोडकी हाय बाबू,
हिच्यावर चढलं का माणूस खालीच येते.”

आईनं माठातलं पाणी दिलं.
दोन गडवे प्यायला, उभ्यानंच,
उरलेलं डोक्याच्या दुपट्ट्यावर ओतलं
आणि ती धडधाकट शिडी घेऊन
गोळीबार चौकाकडे निघून गेला.

सोमवारी आला. लाइन कापली.
हेही सांगायला हवं.
पण तोवर आई आणि बाळ कामठीला, मामाकडे.

पुढे दयेवर पुष्कळ ऐकलं.
ती वरून येते म्हणतात,
खाली, आपल्यापर्यंत.
असेल.
मी पाहिलेली तर वर चढलीच नाही.
तापल्या रस्त्यावर उभी होती,
खाकी सदऱ्यावर घामाचं पांढरं मीठ,
आणि खोटं बोलत होती
आईला मागावं लागू नये म्हणून.

त्या निळ्या फुलीचं काय झालं,
साहेबाला त्यानं काय सांगितलं,
पगारातून काही गेलं का,
मी कधी विचारलं नाही.
त्याचं पहिलं नावसुद्धा.

बहीण आता बेचाळीसची.
परवा एसी बावीसवर की सव्वीसवर
यावरून भांडलो आम्ही.
रिमोट सापडत नाही, म्हणालो मी.
तो माझ्या मांडीखाली होता.

तेही खोटंच.
पण ते माझ्यासाठी.