दगडाची नस

मॅथ्यू डॉक्टर कायमचे दुबईला निघाले, तेव्हा
दवाखान्याच्या किल्ल्या नव्या मालकाला दिल्या
आणि मला एक खोका:
आठ डबे, एक इंजिन, रुळांचा वाटोळा फेरा.
म्हणाले, तुझा हात बारीक आहे, तू सांभाळशील.

मी दात घडवते. दिवसभर
कुणाचा तरी खालचा जबडा माझ्या टेबलावर.
रात्री सानपाड्याच्या खोलीत पलंग भिंतीला उभा करून
डोंगर.

तुर्भ्याच्या शीतगृहातून फोमचे निळे तक्ते आणले,
किलोवर. रिक्षा भरली तरी
काटा सव्वा किलोच्या पुढे जाईना.
जुन्या इस्त्रीची तार ताणून तापवली
की फोम आवाज न करता दुभंगतो,
फक्त वास येतो, दोन्ही खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात.
पहिला डोंगर मी स्प्रेने रंगवला.
रंगाने तो माझ्या डोळ्यांदेखत खाल्ला,
शिखर आत बसलं, किडक्या दाढेसारखं.
दुसऱ्यावर आधी फेविकॉल, मग जाळी, मग प्लास्टर,
तेवढं मला येतं.
मातीला चहाचा चोथा, बुरशी धरू नये म्हणून तव्यावर परतून.
झाडांना भांडी घासायचा काथ्या.
आणि थर्माकोलचे ते दाणे! केसांत, कुकरच्या शिटीवर,
केरसुणी फिरवली तर केरसुणीलाच चिकटलेले.

लिफ्ट बंद होती त्या रात्री
धोत्रे वॉचमन माझं पार्सल घेऊन जिन्याने वर आला.
दारातच थांबला.
"हे काय?"
डोंगर.
"असा नसतोय."

चपला बाहेर ठेवून आत आला, उकिडवा बसला.
"पाव तोडल्यागत केलाय. दगडाला नस असती, ताई.
नस सोडून घण घातला तर
हाताला मुंग्या येत्यात, दगड हसतोय."
माझ्या हातातली कोरणी घेतली, मेणाचे दात कोरायची,
त्याच्या बोटांत ती काडी झाली.
एक तिरका काप. एक आडवा. मग थांबून
तळहात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा,
आणि पुन्हा तिरका.
फोम निळाच होता अजून,
पण आतून काळा कातळ वर यायला लागला.

बावीस वर्षं खाणीत काढलेली.
खिडकीतून बोट दाखवलं: पारसिकच्या अंगावर
जिथे एकही दिवा नाही, तिथे.
"ही बिल्डिंग धरून. खडी आमचीच,"
भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाला.

मला हिरवा घाट हवा होता.
त्याने डाव्या अंगाचा मोठा घास काढला,
खाली पायऱ्या पायऱ्या, तळाला खड्डा.
"इथं काय लावू नका. इथं पाणी साठतंय, पोरं पोहत्यात."
मी प्लास्टरच्या जाड थरावर दातांचं ॲक्रिलिक ओतलं,
हिरवट, दोनदा.

मग बोगदा. गाडी आत अडकली तर
मागून हात जाईल एवढं भोक
असल्या डोंगरांना ठेवावंच लागतं.
पुढून कडा, पाठीमागून पोकळ.
तो भोकातून कितीतरी वेळ आत बघत राहिला.
"असं भोक आमच्या डोंगराला असतं, तर यमनप्पाला..."
आणि उठून पाणी प्यायला गेला.

रविवारी ड्यूटी संपवून आला. गणवेशातच.
मी बटणाकडे हात नेला.
"थांबा."
लाल रुमाल खिडकीच्या गजाला बांधला.
खिशातून शिट्टी काढली, गेटवरची,
आणि तीनदा वाजवली, लांब.
हटायला खोलीत कुणी नव्हतं,
तरी मी एक पाऊल मागे सरकले.
समोरच्या इमारतीत कुणीतरी दिवा लावला.

गाडी सुटली.
आठवा डबा बोगद्याबाहेर येईपर्यंत
धोत्रे दोन्ही कान झाकून उभा होता.