बिंदू एक घर डावीकडे

बावीस वर्षं झाली मला रिज रोडवरच्या या डायनरमध्ये,
लॅकवॉना गावात, जिथे पोलादाचा कारखाना होता
आणि आता सरोवराकाठी नुसत्या पवनचक्क्या फिरतात.
माणसं मी चेहऱ्यावरून ओळखत नाही,
टक्क्यांवरून ओळखते.
खिडकीतला ट्रकवाला: बारा, हवा कशीही असो.
चर्चमधून येणाऱ्या सहा बायका: मिळून नऊ,
वर एक छापील प्रार्थना.
कॉलेजची पोरं फोन सांगेल तेवढे ठेवतात,
नुकतंच ज्याचं प्रेम मोडलंय तो पंचवीस.
टक्केटोणपे म्हणतात ते मला वेगवेगळे मिळाले,
टक्के टेबलावर,
टोणपे घरी.

थडियस क्रुपा मात्र वीस. बरोब्बर वीस.
दर मंगळवारी, टेबल चार,
दोन अंडी, कील्बासा, राय ब्रेडचा टोस्ट, कॉफी:
बारा डॉलर चाळीस सेंट.
कागदी रुमालावर पेन्सिलीने लिहायचा १२.४०,
बिंदू उचलून ठेवायचा एक घर डावीकडे, १.२४,
मग दुप्पट. २.४८.
"कर धरून नाही हं, मार्जीन," म्हणायचा,
"पावणेनऊ टक्के सरकारचे.
सरकारने मला कॉफी आणून दिली नाही."

चाळीस वर्षं त्याचं बुटांचं दुकान होतं याच रस्त्यावर.
"चाळीस टक्के सूट, वर आणखी वीस,
लोक साठ धरायचे. होतात बावन्न.
त्या आठ टक्क्यांच्या गैरसमजावर
मी दोन मुली शिकवल्या."
आणि एकदा, कॉफी ओतत होते तेव्हा:
"शंभराच्या बुटावर वीस टक्के चढव, मग वीस उतरव.
परत शंभरावर येत नाही. शहाण्णव.
चार कुठे गेले?"
कुठे, मी विचारलं.
"तेच माझी बायको विचारायची,"
म्हणाला, आणि टोस्टला लोणी लावत बसला.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
बशी उचलली तर खाली वीसची नोट,
एकेकाच्या चार, तीन क्वार्टर, एक निकल.
रुमालावर १२.४०. त्याखाली २४.८०.
दुप्पट अचूक होती.
चारच्या अंकाला नेहमीचं तिरकं शेपूट.
फक्त बिंदू जागचा हलला नव्हता.

खरं सांगते, मी लगेच धावले नाही.
गाडीचे ब्रेक करकरतात. थोरलीची दाढ उपटायची आहे.
आणि दोनशे टक्के
मला आजवर कुणी दिले नव्हते,
नवऱ्याने तर मुळीच नाही.
कॉफीचं एक भांडं भरेपर्यंत
ते पैसे माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात राहिले.

मग पार्किंगमध्ये, बर्फात, कोट न घालता.
तो काचेवरचा बर्फ खरवडत होता.
"तुमचा बिंदू राहिला," म्हटलं, रुमाल पुढे केला.
बराच वेळ बघत राहिला,
कुणा ओळखीच्याचं नाव आठवावं तसा.
मग रुमाल बॉनेटवर पसरला,
पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं,
आणि बिंदू दिला. योग्य जागी.
हात थंडीने थरथरतोय
असं आम्ही दोघांनी धरून चाललो.
२.४८ मोजून माझ्या तळव्यावर ठेवले,
बाकीचे पाकिटात, घडी न मोडता.

आता बिल ठेवताना
मी कोपऱ्यात बारीक लिहून देते: १.२४.
एप्रिलपासून १.३१, अंडी महागली.
तो बघतो. माझ्याकडे नाही, आकड्याकडे.
दुप्पट त्याची तोच करतो,
तिथे मी बोट घालत नाही.

परवा २.६२ लिहून झाल्यावर
पेन्सिल कानामागे खोचली
आणि एकदम विचारलं,
"ते चार सापडले का गं?"
शोधतेय, म्हटलं.
कॉफी देऊ अजून?