विहिरीचा रकाना

ताइनानच्या या इस्पितळाला चौथा मजला नाही,
तो आकडा अशुभ म्हणून.
मी पाचव्यावर बसते, आकडेच बघते.
समोर एकेचाळीस हजार मधुमेही,
प्रत्येकाची एक ओळ:
वय, साखर किती वर्षांची, तीन महिन्यांची सरासरी,
कुठली गोळी, किती काळ, सिगारेट,
आणि शेवटी मूत्राशय,
अजून गप्प आहे की बोलू लागलंय.

ओळींवरून मी पुढची पाच वर्षं वाचते.
ज्योतिषी म्हटलेलं मला खपत नाही.
आम्ही आमच्या चुका मोजून ठेवतो,
दशांश चिन्हासकट.

मंगळवारी त्साओ शुई-मू वर आले.
लिफ्टमध्ये चुकले असावेत;
माझ्यापर्यंत माणसं येत नाहीत, त्यांचे आकडे येतात.
वय अठ्ठ्याहत्तर. साखर एकवीस वर्षांची.
टोपीच्या कडेला मिठाची जुनी रेघ.
"माझं भाकीत म्हणे तुझ्याकडे आहे."

ओळ शोधली. म्हटलं,
तुमच्यासारखे शंभर जण घेतले
तर पाच वर्षांत त्यातल्या दोघांना.
"माझ्यासारखे शंभर?" ते हसले.
"गावात शंभर माणसं तरी उरलीत का?"

मग टेकले, आणि न विचारता सांगू लागले.
जन्मले तेव्हा पंचांगवाल्याने बोटं मोजली:
पाच तत्त्वांपैकी पोरात पाणीच नाही.
म्हणून नावात पाणी घातलं. शुई म्हणजे पाणी.
मू म्हणजे लाकूड, ते वरकड.
"बापाने खरंखुरं पाणीही दिलं हो.
मिठागराच्या कडेला खोल विहीर खणली.
वरचं पाणी खारट, खालचं गोड.
गोड म्हणून प्यालो,
नळ येईपर्यंत."

त्या गोड पाण्यात काय होतं
ते आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.
शेजारच्या आ-तोकची पावलं काळी पडली,
बोटं एकेक करून गेली.
शुई-मूंची पावलं शाबूत. चप्पल काढून दाखवली त्यांनी.
"सोमल पायात उतरला नाही.
मग गेला कुठे, विचार तुझ्या यंत्राला."

विचारलं.
यंत्रात विहिरीचा रकानाच नव्हता.
गोळीचा होता; तिच्यावरून आम्ही
दोन वर्षं भांडलो होतो,
तिला ठेवायचं की नाही, किती वजन द्यायचं.
विहिरीबद्दल कुणी ब्रही काढला नव्हता.

"पहाटे आभाळ बघायचो आम्ही," शुई-मू म्हणाले,
"वाफ्यात पाणी घ्यायचं की थांबायचं.
निम्म्या वेळा चुकायचं.
बघायला मात्र रोज जायचो."

त्या रात्री नवा रकाना घातला:
होय, नाही, माहीत नाही.
सकाळपर्यंत भरत बसले, जुन्या पत्त्यांवरून, गावांवरून.
होय: दोनशे सात.
बाकी जवळजवळ सगळे माहीत नाही.
ज्यांना विचारता आलं असतं
ते ओळीतून उठून गेलेत.

शुक्रवारी ते पुन्हा आले, खालच्या मजल्यावर.
बाटली भरून आणली, कोमट,
चिठ्ठीवर नाव: पाणी, लाकूड.
खिडकीच्या उन्हात धरून निरखली त्यांनी,
वाफ्यातलं पाणी निरखावं तशी,
किती आटलंय, अजून किती दिवस.
"स्वच्छ आहे," म्हणाले.

मी काही बोलले नाही.
लाल रंग डोळ्यांना दिसतो
त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.
बाटली घेतली,
झाकण पुन्हा एकदा आवळलं.