मियानी

एकतीस वर्षं रबाळ्याच्या प्लँटवर
तिसरी पाळी केली.
दिवसा झोपलो, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवून,
अंगावर असेल त्यात.
झोपायचे वेगळे कपडे ही चीज
आमच्याकडे कधी नव्हतीच.
जुनी पँट गुडघ्यात विरली की तीच घरातली.

आता निवृत्त झालो. रात्र मोकळी मिळाली
तर झोप येईना.
डॉक्टर म्हणाले, चहा कमी करा.
शालन म्हणाली, मोबाइल ठेवा.
माझा संशय मात्र इलॅस्टिकवर होता.
ऐरोलीच्या दुकानातला तो तयार पायजमा,
कमरेला लाल वळ उठवायचा,
जसं रात्रभर कुणी मागून पट्टा धरून उभं आहे.

जांभळी नाक्यावरून अडीच मीटर सुती आणलं,
पांढऱ्यात निळी चौकडी, पन्हा छत्तीस.
दुकानदार म्हणाला, आटेल, आधी भिजवा.
बादलीत रात्रभर भिजवलं.
कापड निवांत पडून होतं. मी नाही.

मशीन बारा वर्षं फ्रीजशेजारी,
वर लोणच्याच्या बरण्या.
बरण्या उतरवल्या, तेल दिलं,
बॉबिनमधून कुठल्यातरी जुन्या परकराचा
जांभळा दोरा निघाला.

व्हर्निअर हातात घेऊन जन्म गेला माझा.
केसभर फरकासाठी अख्खा लॉट परत पाठवलाय.
पण स्वतःच्या पोटाला टेप लावली
तर आकडा जागेवर राहीना.
श्वास घेतला की एक, सोडला की दुसरा.
तळमजल्यावरच्या गव्हाणकरबाई ब्लाउज शिवतात,
त्यांना विचारलं, यातला कुठला धरू?
"बसून घ्या माप," त्या म्हणाल्या,
"माणूस उभ्यानं झोपत नाही."

पहिल्या फटक्यात दोन्ही पाय डावे कापले.
चौकडी उलट-सुलट सारखीच,
म्हणून वाचलो.
नेफा दुमडला, टीप वाकडी गेली,
उसवली, परत वाकडी गेली, मग राहू दिली.
नाडी सेफ्टी पिनला अडकवून ओवताना
अर्ध्या वाटेत टोक हरवलं.
शालन दारातून बघत होती. बोलली नाही.

बाईंना दाखवायला नेला.
"मियानी विसरलात की."
दोन पायांच्या मधे
शंकरपाळ्याएवढा तिरका तुकडा.
तो नसला तर मांडी घालता येत नाही,
कूस वळली की फाटतं.
आमच्याकडे ड्रॉइंगवर त्याला टॉलरन्स म्हणत.
लोखंडाला आम्ही तो आठवणीनं ठेवायचो.
रणपिसे हसला असता हे ऐकून.
त्याचे निवृत्तीला चार महिने उरले होते.

उरलेल्या कापडातून मियानी बसवली.
आणि कशासाठी कोण जाणे,
उजव्या मांडीवर एक खिसा.

रात्री दोनला डोळा उघडलाच.
तिसऱ्या पाळीच्या चहाची वेळ.
खिडकीतून रबाळ्याकडचा तो आंबूस वास,
बेलापूर रोडला बस थांबल्याचा आवाज,
कुणीतरी उतरलं असेल, डबा घेऊन.
हात आपसूक खिशात गेला.
अंधारात बोटांनी मोजलं तेव्हा कळलं,
खिसा बरोबर पंचिंग कार्डाच्या मापाचा झालाय.
लांबीला, रुंदीला.
केसभरही फरक नाही.

हात तसाच ठेवला. रिकामा होता.
कूस बदलली,
कापडही वळलं, जरा मागून,
आपल्या सोयीनं.

सकाळी साडेसातला शालननं हलवलं,
दूध उतू गेलं तरी उठला नाहीत म्हणाली.
मग कपबशा विसळता विसळता,
पाठमोरीच:
मलाही शिवा एक गाऊन. त्याला लेस नको, टोचते.
खिसे दोन, व्हिक्सची डबी मावेल असे.

टेप गळ्यातच होती.
बस, म्हटलं.
ती स्टुलावर बसली,
ओले हात हवेत धरून,
पोट आत ओढून.

सोड, मी म्हणालो.
श्वास सोड.