दोनशेवा हिस्सा

जुन्या बाजारात, रविवारी,
मुनाफच्या ताडपत्रीवर
मिक्सरची भांडी, पाने, बंद पडलेली घड्याळं
आणि मधोमध तो. पट्टा नाही, कोपऱ्यात पोचा.
"चालू आहे काका, बॅटरी टाका न् काढा फोटो."
साडेचार हजार म्हणाला, सदतीसशेला दिला.
शालन म्हणाली, ग्रॅच्युइटीला पाय फुटले.

मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये. भोसरी.
आकड्यांना कधी भ्यालो नाही.
पण याचे आकडे उलटे चालतात.
दुसऱ्या मजल्यावरची केतकी समजावते,
"आकडा मोठा तर भोक लहान, काका.
एक पूर्णांक आठ म्हणजे सताड उघडं दार,
सोळा म्हणजे सुईचं नेढं."
अगं मग सरळ सांग ना, पत्र्याच्या गेजसारखं!
सोळा गेज जाड, बावीस गेज पातळ,
हे मला काय नवीन?
ती म्हणाली, गेज म्हणजे काय?
त्या संध्याकाळी जिन्यात
दोघंही एकेक गोष्ट शिकलो.

आयएसओ मात्र डोक्यात शिरेना.
आमच्याकडे आयएसओ म्हणजे ऑडिट:
जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्यानं मारायचे,
तेलकट चिंध्या लपवायच्या,
विचारलं तर क्वालिटी पॉलिसी घडाघडा म्हणायची.
इथे आयएसओ म्हणजे
अंधारात किती आगाऊपणा करायचा.
शंभरला फोटो समजूतदार.
सहा हजार चारशेला
भिंतीवर, फ्रिजवर, शालनच्या गालावर
सगळीकडे रवा सांडलेला.

व्हाइट बॅलन्स एका दमात कळला.
मोजायच्या आधी मायक्रोमीटर शून्यावर आणतात, तसं
याला आधी सांगायचं, बाबा रे, पांढरं म्हणजे हे.
नाही तर दिव्याखालचा साधा भात
त्याला केशरी दिसतो.

राहिलं शटर.

उजवा हात थरथरतो. दोन वर्षं झाली.
चहाच्या बशीला कळतं,
बँकेत सही करताना कळतं.
घरात त्याचं नाव कोणी काढत नाही.
तिसाव्या हिश्श्याला दापोडीचा पूल दोनदा आला,
एक खरा, एक त्याला ढकलणारा.
केतकीनं स्क्रीन पाहिला,
माझ्या हाताकडे नाही पाहिलं,
चाक फिरवलं. "दोनशेच्या खाली यायचं नाही, काका."
खाट्.
पुलाचे दगड जागच्या जागी.
खाली जलपर्णीत उभा बगळा,
त्याच्या चोचीवरून सुटलेला थेंबसुद्धा.

सेकंदाच्या दोनशेव्या हिश्श्यात
माझा हात थरथरत नाही.
म्हणजे थरथरतो,
पण तेवढ्यात त्याचं भागत नाही.

टूलरूममध्ये आम्हाला एक धाक असायचा:
ट्यूबच्या उजेडात फिरता चक कधी कधी उभा दिसतो,
थांबलाय समजून नवीन पोरं हात घालतात.
म्हणून लेथवर वेगळा पिवळा बल्ब.
तीच फसवणूक आता मी
चाकावर मोजून घेतो.

परवा रात्री, सगळं निजल्यावर,
कॅमेरा पोह्यांच्या डब्यावर ठेवला.
टायमर. शटर पुरता एक सेकंद.
समोर हात धरला, काही न करता, नुसता.
मनगट आलं, बाहीची गुंडी आली,
तिचे चारही भोक मोजून घ्यावेत इतकी;
आणि बोटांच्या जागी
पिंजून ठेवलेला कापूस.

पुसायचं बटण शोधत होतो.
मागे शालन कधी येऊन उभी राहिली कोण जाणे.
"असू दे तो," म्हणाली.
"डॉक्टरला दाखवायला बरा."
आणि डबा उचलून जागेवर ठेवायला गेली.

मी आकडे पाहिले.
आयएसओ शंभर.
रव्याचा एक कण नाही.